दोन नाणी, तीन मुलं

१

सर गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणी नव्हतं. तीन मुलं, तिन्ही याच शहरात, तिघांच्याही खिशात घराची किल्ली, आणि तरी ऐंशी ओलांडलेला माणूस भर दुपारी एकटा गेला. संध्याकाळी सहाला सांभाळणाऱ्या मावशी कुलूप उघडून आत आल्या, तर सर खिडकीखाली फरशीवर निपचित पडलेले. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, साधारण दोनच्या सुमाराला. कुणी जवळ असतं तर वाचले असते का, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सांगता येत नाही." तेवढं एक वाक्य त्या घराला पुरलं.

आठ दिवसांनी, सकाळी, सरांची मुलगी फौजदारांच्या दारात उभी राहिली. तिला घरात-बाहेर सगळे ताईच म्हणत. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती.

फौजदार निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडातली फौजदारकी काही सुटली नव्हती. ते सरांचे जुने विद्यार्थी. विद्यार्थी कसले, गणिताच्या लागोपाठ तीन चाचण्यांत भोपळा मिळवलेले. सर त्यांना शेवटपर्यंत 'भोपळ्या' म्हणूनच हाक मारत. "काय भोपळ्या, आज किती चोर सुटले?" असं विचारणारं आता जगात कोणी उरलं नाही, हे आठ दिवस फौजदारांना पदोपदी आठवत होतं.

ताई खुर्चीच्या कडेवर बसली. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले.

"दादा, मला एकच सांगा. त्या दिवशी नंबर कुणाचा होता?"

दुपारी बारा ते सहा मावशी घरी जात. तेवढा वेळ तिघांपैकी एकाने बाबांजवळ थांबायचं, असं ठरलेलं. कोणी थांबायचं ते रोज सकाळी साडेदहाला सर स्वतः ठरवत. मांडीवर ताट घेऊन दोन नाणी उडवत, वहीत लिहीत, आणि ज्याचा नंबर लागेल त्याला घरातल्या वायरीच्या फोनवरून दोन रिंगा देऊन ठेवून देत. बोलणं नाही, चालणं नाही. दोन रिंगा आल्या की समजून निघायचं.

"माझा फोन त्या दिवशी लॅबच्या कपाटात बंद पडला होता," ताई म्हणाली. "चार्ज करायला विसरले. मला रिंग आली की नाही, मलाच ठाऊक नाही. दादा, मी आठ दिवस डोळ्याला डोळा लावलेला नाही. डोळे मिटले की बाबा फोनजवळ बसलेले दिसतात. मी गेले की आधी त्यांच्यावर ओरडायचे, बाबा, दाढी किती वाढलीय, आरशात तरी बघा. ते नुसते हसायचे. आता वाटतं, कशाला ओरडले?"

"अगं, पण वही आहे ना? वहीत लिहिलेलं असणार."

ताईने मान हलवली. "वही आहे. त्या दिवसाचं पान नाही. कुणीतरी फाडून नेलंय."

२

सरांचं घर दोन खोल्यांचं. खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली, औषधांच्या बाटल्या एका पिशवीत भरलेल्या. मावशी भांडी आवरत होत्या, पण आवरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेच पातेलं त्यांनी फौजदारांच्या देखत दोनदा पुसलं.

वही उशाशीच होती. पहिल्या पानावर सरांच्या टोकदार अक्षरात नियम लिहिलेला:

दोन्ही छापा – थोरला.
दोन्ही काटा – ताई.
एक छापा, एक काटा – धाकटा.

खाली सही आणि तारीख. मग रोज एक पान. वर तारीख, खाली नाण्यांचा निकाल, आधी मोठ्या नाण्याचा, मग छोट्याचा, आणि शेवटी नाव. पाढे लिहिल्यासारखी सगळी पानं सारखी. शेवटच्या पानाच्या जागी शिवणीला कागदाची एक अरुंद पट्टी राहिली होती.

"त्या दिवशी नाणी उडवताना तुम्ही होतात?"

"मी स्वैपाकघरात. मला नाही हो कळायचं त्यातलं. मी बाराला निघायचे, येणारा मागून यायचा. कधी जिन्यात गाठ पडायची, कधी नाही. त्या दिवशी नाही पडली. मला काय माहीत कुणी येणारच नाही म्हणून?" मावशींनी पदराने नाक पुसलं. "अकरा वाजता मीच दाढी करून दिली होती त्यांची. हनुवटीला जरासं कापलं, तर मी कापूस लावून गेले. संध्याकाळी बघते तर कापूस तसाच चिकटलेला."

"दाढी रोज करायचात?"

"छे. लहर असायची. कधी लागोपाठ तीन दिवस म्हणायचे, मावशी, गरम पाणी आणा. कधी चार-चार दिवस हात लावू द्यायचे नाहीत. म्हातारपणाचे चोचले, दुसरं काय."

फौजदार खिडकीशी गेले. खाली रस्ता, कोपऱ्यावर बसचा थांबा. खाटेपासून खिडकी सात-आठ पावलं. एकट्याने उठायचं नाही, असं डॉक्टरांनी सरांना बजावलेलं होतं.

"इथेच पडले होते?"

"इथेच. अंगावर चादर, डोक्याखाली उशी..." बोलता बोलता मावशी थांबल्या. "साहेब, मी तेव्हा घाबरले होते, काही सुचलं नाही. पण उशी तर खाटेवर असायला हवी ना? पडणारा माणूस उशी घेऊन पडत नाही."

"तुम्ही नाही ठेवलीत?"

"आईशप्पथ नाही."

म्हणजे सर गेल्यानंतर आणि सहा वाजण्याआधी कोणीतरी या खोलीत येऊन गेलं होतं. त्याने डोक्याखाली उशी दिली, अंगावर चादर घातली, वहीतलं पान फाडलं, आणि दार ओढून तो निघून गेला.

३

थोरला एका सरकारी कचेरीत मोठा साहेब होता. टेबलावर काच, काचेखाली सुट्ट्यांची यादी. त्याने फौजदारांना बसा म्हटलं, पण फाईल मिटली नाही.

"मला रिंग आलेली नाही. हा फोन, बघून घ्या." त्याने फोन पुढे केला. आठ दिवसांत फोनमधलं काय काय पुसता येतं हे फौजदारांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी हात लावला नाही.

"मग कुणाला आली असेल?"

"हे मी सांगायला हवं?" थोरल्याने आवाज खाली आणला. "वही मोजा तुम्ही. तिघांत सारखी वाटणी व्हायला हवी की नको? पण बघावं तेव्हा धाकटाच तिथे. माझा नंबर महिन्यातून सात-आठ वेळा, फार तर. आधी मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? इथली कामं मार्गी लागत होती. पण नंतर मनात पाल चुकचुकली. जो माणूस बत्तीस वर्षं बापाशी धड बोलला नाही, त्याला एकाएकी एवढा उमाळा? मावशीला फितवून नंबर लावून घेत असेल. राहतं घर आहे शेवटी."

"घरासाठी जो एवढा धावत होता, तो नेमका त्याच दिवशी का आला नाही?"

थोरला काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिला. मग एकदम म्हणाला, "मी वाईट मुलगा नाही हो. मागे दाढीचं मशीन आणून दिलं होतं, बॅटरीवरचं. खुंट टोचायचे त्यांचे, आधार देऊन उठवताना. त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. मी जायचो तेव्हा तेच खुंट."

आणि साहेबाच्या खुर्चीत बसलेला तो माणूस तोंड फिरवून रडला. फौजदार उठून खिडकीबाहेर बघत राहिले. रडणाऱ्याकडे बघू नये, एवढं त्यांना नोकरीत शिकायला मिळालं होतं.

बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सरांच्या घरून आणलेली वही उघडली आणि नावं मोजली. एकशे अठरा पानं. थोरला तीस. ताई अठ्ठावीस. धाकटा साठ.

थोरला खरं बोलत होता. निम्म्याहून जास्त दिवस एकट्या धाकट्याच्या वाट्याला आले होते.

४

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. एका उंच इमारतीच्या गच्चीवर, मोटारीच्या खोलीत, तो हाताला ग्रीस लावून बसला होता. केस पिकलेले, नाक हुबेहूब सरांचं.

"या, फौजदारसाहेब. तुमचीच वाट बघत होतो."

"का रे?"

"ताई तुमच्याकडे येणार हे ठरलेलंच होतं."

फौजदार एका उपड्या डब्यावर बसले. "त्या दिवशी रिंग आली होती?"

"नाही." उत्तर फार लवकर आलं.

सगळ्या शाळेला माहीत असलेली गोष्ट फौजदारांनाही माहीत होती. याला सरांनी गणितात नापास केलं होतं, दोन गुणांनी. मुख्याध्यापक म्हणाले होते, सर, द्या दोन गुण, पोटचा पोरगा आहे. सर म्हणाले, गुण माझ्या घरचे नाहीत. पोराने त्या वर्षी शाळा सोडली आणि हातात पाना घेतला.

"सहा-सहा तास काय बोलायचात दोघं?"

"काही नाही." धाकटा बोटं पुसत होता. "ते छताकडे बघायचे, मी भिंतीकडे. मी पंख्याचा आवाज घालवला, नळ नीट केले, दाराची कुरकुर काढली. घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नुसता बसायचो. ते मात्र कायम टापटीप. गुळगुळीत दाढी, धुतलेला सदरा. आजारी माणूस वाटायचेच नाहीत. वाटायचं, आता उठतील आणि म्हणतील, वही काढा."

"थोरला म्हणतो, नंबर लावताना लबाडी व्हायची. साठ दिवस तू एकटा. मावशी काही हातचलाखी..."

"मावशींना मधे आणू नका." धाकट्याचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "त्या बिचारीला छापा कुठला आणि काटा कुठला तेही सांगता यायचं नाही. नाणी खोटी नाहीत, आणि कुणी हातचलाखीही केलेली नाही."

"मग तिघांत तुझेच साठ कसे?"

धाकट्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागामागे कसलीतरी जुनी शरम होती.

"तुम्हीही सरांचेच विद्यार्थी ना? मग मोजण्यात तुम्हीही तिथेच चुकलात. नावं मोजू नका, फौजदारसाहेब. निकाल मोजा."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार वही घेऊन स्वैपाकघरातल्या टेबलाशी बसले. समोर बायको भाजी निवडत होती. पोलिसात असताना घरी काम आणलं की ती कुरकुरायची, आता घरी काही काम आलं म्हणून खूश होती.

त्यांनी नावांवर हात ठेवला आणि नुसते निकाल मोजायला घेतले. चार काड्यांवर पाचवी आडवी, अशा खुणा करत. अर्ध्या तासाने त्यांच्या कागदावर तीन ओळी यायला हव्या होत्या. आल्या चार.

छापा-छापा, तीस. काटा-काटा, अठ्ठावीस. छापा-काटा, एकतीस. काटा-छापा, एकोणतीस.

फौजदारांनी चारही ओळींखाली रेघ ओढली. मग त्यांना फळ्यापुढे उभे असलेले सर दिसले, खडूने पांढरे झालेले हात, आणि तो ठरलेला दम. "आधी नमुना अवकाश लिहा. जे जे घडू शकतं ते सगळं, एकही न सोडता. मोठं नाणं छापा आणि छोटं काटा, ही एक गोष्ट. मोठं काटा आणि छोटं छापा, ही दुसरी. दिसायला सारख्या म्हणून दोघींना एका घरात कोंबाल, तर सगळं गणित कोसळेल." वर्गातली निम्मी पोरं त्यांना एका घरात कोंबत. आणि सर त्यांचे कान पिळत.

निकाल चार होते, आणि चारही साधारण तीस-तीस वेळा आले होते. नाणी गाईसारखी गरीब होती. लबाडी नियमात होती. चारांपैकी एक घर थोरल्याचं, एक ताईचं, आणि दोन घरं धाकट्याची. नियम लिहितानाच निम्मे दिवस त्याच्या नावावर करून टाकले होते. आणि नियम लिहिला होता खुद्द सरांनी. ही चूक करणारा माणूस जगात शोधून सापडेल, पण सर? पस्तीस वर्षं याच चुकीसाठी त्यांनी मुलांचे कान लाल केले होते.

म्हणजे चूक नव्हती. मग काय होतं? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी फौजदारांची गत झाली होती. उत्तर वहीतच होतं, आणि ते कालचा दिवसभर माणसं चाळत होते. पण नियम समजला तरी फाडलेल्या पानावर कोणाचं नाव होतं, ते अजून कळत नव्हतं.

ते उठले, चपला शोधू लागले. बायको मान वर न करता म्हणाली, "आधी दाढी करा. एरवी आपलं माणूस भेटायचं असलं की बरी आठवते."

फौजदार एक चप्पल घालून तसेच उभे राहिले.

ताईला दिसायची वाढलेली दाढी. थोरल्याला टोचायचे खुंट. धाकट्याला बाबा कायम गुळगुळीत. नाणी साडेदहाला उडायची, गरम पाणी अकराला मागितलं जायचं. नंबर कोणाचा हे कळल्यावर. आणि शेवटच्या दिवशी हनुवटीवर कापूस होता.

६

मोटारीच्या खोलीत आज मोटार बंद होती. धाकटा त्याच जागी बसला होता, हातात काही काम नसताना.

"पान दे," फौजदार म्हणाले.

त्याने नाही म्हटलं नाही. सदऱ्याच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि पुढे धरला. वर तारीख. खाली सरांच्या टोकदार अक्षरात: छापा-काटा. धाकटा.

"रिंग आली होती," धाकटा म्हणाला. "दोन. पावणेअकरा वाजता. मी बाराव्या मजल्यावर लोंबकळत होतो. आदल्या दिवशी माझाच नंबर, त्याच्या आदल्या दिवशीही माझाच. म्हटलं, आज नाही जाणार. एक दिवस बसू दे म्हाताऱ्याला वाट बघत. तीन वाजता राहवेना म्हणून गेलो. दार उघडलं तर खिडकीखाली..." त्याने खाली फरशीकडे बोट केलं. "गार पडले होते. डोकं फरशीवर होतं हो, नुसत्या फरशीवर. मी उशी दिली, चादर घातली. मग वही दिसली. माझं नाव होतं, त्यांच्या अक्षरात. हे लोक वाचतील, एवढंच डोक्यात आलं, आणि मी फाडलं."

"आणि ताईला आठ दिवस जळू दिलंस."

त्याने शेजारचा पाना उचलला आणि परत खाली ठेवला.

"राग कशाचा होता एवढा?"

"तुम्ही निकाल मोजलेत ना? मग विचारता कशाला?" तो एकदम उसळला. "मला नापास केलं तो प्रश्न कोणता होता माहितीय? दोन नाणी फेकली, नमुना अवकाश लिहा. मी तीन लिहिले. दोन्ही छापा, दोन्ही काटा, एक-एक. त्याच्यावर लाल रेघ, आणि त्याच्यामुळे पुढची दोन उत्तरंही गेली. माझं सगळं शिक्षण तिथे संपलं. आणि बत्तीस वर्षांनी पहिल्या दिवशी वही उघडतो, तर माझंच उत्तर पहिल्या पानावर! एक छापा, एक काटा, धाकटा. मला वाटलं, म्हाताऱ्याने अजून माझा पेपर खाली ठेवलेला नाही. रोज सुनावतोय. तुला तीनच दिसले होते ना, मग भोग आता दुप्पट. तरी साठ वेळा गेलो मी. हूं का चूं केलं नाही. त्या दिवशी नाही सहन झालं."

फौजदारांनी चौकशीत कितीतरी माणसं खरं सांगून मोडताना पाहिली होती. पण यापुढचं वाक्य बोलायला त्यांची जीभ उचलेना. न बोलता निघून जावं, असंही क्षणभर वाटलं. पण सर म्हणाले असते, भोपळ्या, एकही शक्यता सोडायची नाही.

"ते तुझ्यासाठी दाढी करायचे," ते म्हणाले.

"काय?"

"ताईला विचार. थोरल्याला विचार. त्यांनी कधी बाबांना दाढी केलेलं पाहिलं नाही. थोरल्याने आणलेल्या मशीनचा डबा उघडला नाही. तुझा नंबर लागला की मगच गरम पाणी मागवायचे. तुला वाटायचं ते कायमच तसे असतात. अरे, शिक्षा करणारा माणूस शिक्षा करण्याआधी धुतलेला सदरा घालतो का?"

धाकट्याचा हात स्वतःच्या गालावर गेला.

"तुला 'ये' म्हणायला तोंड नव्हतं त्यांच्याकडे. बत्तीस वर्षांत हिंमत झाली नाही. म्हणून नाण्यांकडून म्हणवलं. ज्या उत्तरावर त्यांनी रेघ मारली, तेच उत्तर त्यांनी घरातला कायदा केलं, आणि सही केली खाली. एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. पण तो माणूस गणिताचा, त्याला तेवढंच येत होतं."

"खिडकीशी कशाला उठले मग?" धाकट्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "एकट्याने उठायचं नव्हतं ना त्यांनी?"

फौजदारांना उत्तर माहीत होतं. धाकटा ज्या थांब्यावर बसमधून उतरायचा तो खिडकीतून दिसतो, हे त्यालाही माहीत होतं. धाकटा हळूहळू पुढे वाकला, कपाळ गुडघ्यांना लागेपर्यंत, आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून खालच्या मजल्यावरचं कोणीतरी जिना चढून बघायला आलं. फौजदारांनी त्याला हाताने परत पाठवलं.

७

"तुम्ही सांगा ताईला," धाकटा जिना उतरताना म्हणाला.

"नाही. ते तू सांगायचंस."

ताईचं घर तळमजल्यावर होतं. दार तिनेच उघडलं. दोघांना एकत्र बघून तिचा हात कडीवरच राहिला. तिने भावाकडे बघितलंही नाही, फौजदारांना विचारलं, "माझा होता ना? खरं सांगा, मी ऐकेन."

"ताई," धाकटा म्हणाला, "तुझा नंबर नव्हता. तुला रिंग केलीच नव्हती. माझा होता. मला आली होती, आणि मी गेलो नाही."

त्याने पान पुढे केलं. ताईने ते घेतलं, वाचलं, परत वाचलं. बाबांच्या अक्षरावरून बोट फिरवलं. फौजदारांना वाटलं ती आता ओरडेल, मारेल, गळ्यात पडेल. पोलिसातल्या माणसाला या तीनच गोष्टी सुचतात.

"आठ दिवस," ती म्हणाली. "रोज तुला फोन करून रडत होते मी. तू म्हणायचास, ताई, जेवून घे."

"हो."

"मी मरून गेले असते तर?"

त्याने मान खाली घातली. ताईने दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं आणि आतून कडी घातली.

धाकटा पायरीवर बसला. फौजदारांनी त्याला चल म्हटलं नाही. जवळच्या दुकानातून दोन चहा आणले, एक त्याच्या शेजारी ठेवला, तो तसाच गार झाला. आतून आधी रडण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. दुपार झाली. शेजारपाजारचे येता-जाता बघत होते, केस पिकलेली दोन माणसं पायरीवर गप्प बसलेली. फौजदारांच्या बायकोचा दोनदा फोन आला. ते म्हणाले, वेळ लागेल.

चारच्या सुमाराला कडी वाजली. धाकटा ताडकन उभा राहिला. दारात ताईचा नवरा होता. त्याने ओठावर बोट ठेवलं आणि दार आपल्यामागे हलकेच ओढून घेतलं.

"झोपलीय," तो कुजबुजला. "आठ दिवसांनी डोळा लागलाय. तुम्ही आत्ता जा. उठली की तुम्हाला भेटेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

"उठवू नका," धाकटा म्हणाला. "मी बसतो इथेच."

आणि तो पुन्हा पायरीवर बसला.